थंडीत लहान मुलांना घेऊन दिल्ली: आधी तास मोजा, मग जागा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गोव्यातल्या सांखळीच्या. नाताळच्या सुट्टीत सहा वर्षांचा मुलगा, अडीच वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे यांना घेऊन पाच दिवस दिल्ली करायची आहे. लाल किल्ला, कुतुबमिनार, अक्षरधाम, लोटस टेंपल, प्राणिसंग्रहालय, चांदणी चौक, इंडिया गेट, एक दिवस आग्रा आणि जमलं तर सासूबाईंसाठी मथुरा, अशी यादी तयार आहे. मुलांनी खरी थंडी कधी अनुभवलेली नाही. एवढं सगळं बघून होईल का आणि गरम कपडे किती घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

मी फोंड्याहून कुटुंबांच्या लहान सहली काढते, त्यात उत्तर भारत जास्त. कपड्यांची काळजी तुम्ही वाटते त्यापेक्षा कमी करा. ती चार दुकानं फिरून मिटते. जागांची यादीही मला फार महत्त्वाची वाटत नाही. तुमची खरी अडचण वेळेची आहे. डिसेंबरअखेरीस दिल्लीत सूर्य सातनंतर उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. पण लहान मुलांना बाहेर ठेवता येईल असा वेळ त्याहून खूप कमी असतो. मी तो सकाळी अकरा ते दुपारी चार असाच धरते. पाच तास. सहलीचं सगळं गणित या पाच तासांवर बसवायचं.

अकरा ते चारच का, हे नीट सांगते, कारण हे पटलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हीच घ्याल. पहिलं कारण थंडी. आपल्याकडे त्या दिवसांत रात्रीचं तापमान २० अंशांच्या आसपास असतं आणि तेवढ्यावर आपण गोधडी काढतो. दिल्लीत ते ६ ते ८ अंशांपर्यंत उतरतं. ऊन पडलं तर दुपार छान २० अंशांपर्यंत जाते, पण धुकं दिवसभर हटलं नाही तर दुपारीही १५ च्या वर जात नाही. दुसरं कारण धुकं. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ते सर्वांत दाट असतं आणि पहाटेपासून नऊ-दहापर्यंत रेंगाळतं. तिसरं कारण धूर, आणि मुलांच्या बाबतीत मी त्यालाच सर्वांत जास्त वजन देते. रात्री जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते, वर तुलनेने गरम हवेचा थर राहतो. वारा जवळजवळ नसतो. मग गाड्यांचा, शेकोट्यांचा, कारखान्यांचा धूर आणि धूळ त्या खालच्या थरात अडकून राहते. मूल त्याच थरात श्वास घेतं. दुपारी ऊन तापलं की हवा वर-खाली ढवळली जाते आणि धूर थोडा विरतो. म्हणून थंडी, धुकं आणि धूर ही तिन्ही कारणं एकाच वेळेकडे बोट दाखवतात. ‘सकाळी सहाला उठून सातला बाहेर पडू, म्हणजे जास्त बघून होईल’ हा मे महिन्याचा हिशेब डिसेंबरात लावू नका.

आता तुमच्याच घरावर अवलंबून असणाऱ्या गोष्टी. दोघांपैकी कुणाला दम्याचा त्रास, वारंवार घरघर किंवा छातीत कफ होण्याची सवय आहे का? असेल तर तिकीट काढण्याआधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘नाताळात दिल्लीला नेऊ का’ असं स्पष्ट विचारा. प्रदूषण फार वाढलं की दिल्लीत लहान वर्गांच्या शाळा बंद ठेवाव्या लागतात, यावरून अंदाज घ्या. मास्कवर भिस्त ठेवू नका. अडीच वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर एन-९५ घट्ट बसत नाही आणि ती तो ठेवणारही नाही. डॉक्टरांनी नको म्हटलं तर मी सरळ बंगळूर-म्हैसूर सुचवीन. तिथे डिसेंबरात पहाटेसुद्धा १५-१६ अंश असतात आणि बंगळूरचं विश्वेश्वरय्या विज्ञान संग्रहालय मुलाला दिवसभर पुरेल. सासू-सासऱ्यांच्या गुडघ्यांचं आणि रक्तदाबाचंही तसंच, थंडीत दोन्ही डोकं वर काढतात.

छाती ठणठणीत असेल तरी माझा पहिला सल्ला हाच की महिना बदला. मुलगी बालवाडीच्याही आधीची, मुलगा फार तर पहिलीत. चार-पाच दिवस शाळा बुडाली तर बाईंना सांगून भरून काढता येते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतरची दिल्ली वेगळीच असते. दुपार २२ ते २५ अंश, धुकं जवळपास संपलेलं, हवा डिसेंबरपेक्षा बरी, रस्त्याकडेला फुलं. राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही साधारण याच सुमारास लोकांसाठी उघडतं. २०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमवर ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तुमच्या ओळखीत कुणी गेलं असेल तर हवा कशी होती ते त्यांना विचारा. फेब्रुवारीत माझे पाच तास सात-आठ होतात, आणि सहा माणसांच्या कुटुंबाला तो फरक फार मोठा असतो. जानेवारीचा उत्तरार्ध मात्र टाळा. २६ जानेवारीच्या संचलनाच्या तालमींमुळे कर्तव्यपथाच्या आसपासचे रस्ते पुन्हा पुन्हा बंद होतात आणि लाल किल्लाही त्या दिवसांत पर्यटकांना बंद असतो.

सासऱ्यांची रजा, नणंदेचं लग्न, काहीही कारण असेल आणि नाताळच गाठायचा असेल, तर पुढचं वाचा.

विमानाच्या भाड्यात आपल्याला एक सोय आहे, ती वापरा. नाताळात सगळा देश गोव्याकडे येत असतो आणि आपण उलट्या दिशेने जात असतो. म्हणून २२ ते २५ डिसेंबरला गोव्याहून दिल्लीला जाणारं तिकीट त्यामानाने परवडतं. २६ ते ३० ला दिल्लीहून गोव्याला येणारं मात्र डोळे पांढरे करतं. १ जानेवारीनंतर दिशा बदलते: लोक गोव्यातून परत निघतात आणि इकडे येणारी विमानं सैल होतात. मुलाच्या शाळेला चालत असेल तर परतीची तारीख १ किंवा २ जानेवारी धरा. विमानतळ मोपा असो की दाबोळी, सांखळीहून कुठलं सोयीचं ते तुम्ही ठरवा, पण विमान दिल्लीत दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान उतरेल असंच निवडा. परतीचंही दुपारचं. रात्रीची आणि पहाटेची विमानं धुक्यात अडकतात, आणि दोन मुलांसह विमानतळावर सहा तास काढणं हे सहलीतलं सर्वांत वाईट काम. मुलगी दोन वर्षांची पूर्ण झाली आहे, म्हणजे तिला स्वतंत्र आसन घ्यावं लागेल. दोघांचे जन्मदाखले जवळ ठेवा.

रेल्वेने जायचं असेल तर वास्कोची गोवा एक्स्प्रेस रोज आहे, सुमारे ४० तास. मुलांना ती आवडते, आजी-आजोबांनाही पाय पसरता येतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. मुलगी पाच वर्षांच्या आतली, तिला तिकीट नाही आणि बर्थही नाही. मुलाला अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही. दोन रात्रींचा प्रवास आहे, त्याचं पूर्ण तिकीट काढून बर्थ घ्याच. दुसरं, ही गाडी हजरत निजामुद्दीनला तिसऱ्या दिवशी पहाटे पोचते, म्हणजे अगदी गारठ्याच्या वेळी. मथुरा येण्याआधीच मुलांना सगळे कपडे चढवा. हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी बाराला मिळते, म्हणून आदल्या रात्रीपासून खोली घ्या. एका रात्रीचे पैसे जास्त जातील, पण सहाजणांनी पहाटे सामानावर बसून राहण्यापेक्षा ते खूप बरं. धुक्यामुळे गाडी चार-पाच तास उशिरा आली तर वाईट वाटून घेऊ नका, उन्हात उतराल.

आता मुक्काम. पाच तासांची गोष्ट एकदा मान्य केली की उरलेले एकोणीस तास खोलीत आणि खोलीच्या आसपास जाणार हे उघड आहे. म्हणून मी हॉटेल निवडायला जेवढा वेळ देते तेवढा जागा निवडायला देत नाही. ‘एसी आहे’ या शब्दांवर विसंबू नका. मध्यम दराच्या पुष्कळ हॉटेलांत एसी फक्त थंड करतो. फोन करून विचारा: खोलीत हीटर देता का, कुठल्या प्रकारचा, भाडं वेगळं का, रात्रभर चालू ठेवता येतो का. तेलाचा बंद हीटर मुलांच्या दृष्टीने सर्वांत बरा. लाल तापलेल्या कांबींचा उघडा हीटर अडीच वर्षांच्या मुलीच्या खोलीत नकोच. आणि कोळशाची शेगडी कुणी कितीही प्रेमाने आणून दिली तरी बंद खोलीत ठेवायची नाही. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. गिझर चोवीस तास आहे का, लिफ्ट आहे का, दुपारी खोलीत ऊन येतं का, जादा रजया मिळतील का, हेही विचारा. पहाडगंज स्वस्त पडतं, पण मी लहान मुलांच्या कुटुंबांना निजामुद्दीन, जंगपुरा, लाजपतनगर या पट्ट्यात ठेवते. हुमायूनची कबर, सुंदर नर्सरी ही बाग, प्राणिसंग्रहालय, पुराना किल्ला, प्रगती मैदानाजवळचं राष्ट्रीय विज्ञान केंद्र, सगळं टॅक्सीने थोड्या वेळाच्या अंतरावर येतं. पाच तासांतला दीड तास रस्त्यात घालवायचा नसेल तर हे लागतंच.

यादीबद्दल बोलताना आधी मुलीच्या झोपेचा विचार करा. अडीच वर्षांचं मूल एक ते तीन झोपतं, म्हणजे नेमका आपला सोन्याचा वेळ. तिला उठवून रांगेत उभं केलंत तर संध्याकाळ सगळ्यांचीच बिघडेल, आणि सगळे खोलीवर परतलात तर दिवस संपला. म्हणून मी अशी जागा निवडते जिथे एक मूल झोपू शकेल आणि दुसरं त्याच वेळी धावू शकेल. हुमायूनची कबर आणि तिच्या शेजारची सुंदर नर्सरी ही जोडी त्यासाठी अगदी योग्य आहे. अकराला कबर बघायची. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ताजमहालाच्या आधीची ही इमारत, आणि मुलाला ‘ताजमहालाची थोरली बहीण’ म्हणून सांगितलंत तर आग्र्याचा हट्ट थोडा कमी होतो. मग नर्सरीत जायचं. मोठी हिरवळ, जुन्या मुघल वास्तू, कारंजी, मोर. एक जाड चटई आणि पांघरूण बरोबर ठेवा. मुलगी उन्हात झोपेल, आजी तिच्याजवळ बसतील, मुलगा बाबांबरोबर फिरेल. दिल्लीचे लोकही हिवाळ्यात दुपारी हेच करतात, शेंगदाणे आणि संत्री घेऊन हिरवळीवर बसतात. लोधी गार्डनमध्येही हेच जमतं. ढकलगाडी या बागांत उपयोगाची आहे, चांदणी चौकात नाही.

दुसरा दिवस चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाला द्या. सहा वर्षांच्या मुलासाठी दिल्लीत याहून चांगली जागा मला माहीत नाही. खरी जुनी इंजिनं उघड्यावर उभी आहेत आणि छोटी गाडी आवारात फिरवून आणते. प्राणिसंग्रहालय तिसऱ्या दिवशी, थंडीत प्राणी दुपारी उन्हात बाहेर येऊन बसतात. चौथा दिवस बंद छपराखालचा राखून ठेवा आणि तो कधी वापरायचा ते हवेवर ठरवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ हे ॲप मोबाईलवर घ्या. त्यात हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक दिसतो. तो ३०० च्या वर गेला तर त्या दिवशी बाग नाही. राष्ट्रीय विज्ञान केंद्र किंवा शंकर्स डॉल्स म्युझियम करा. देशोदेशीच्या बाहुल्या मुलीलाही कळतात. वार मात्र नीट जुळवा. सोमवारी रेल्वे संग्रहालय, बाहुल्यांचं संग्रहालय, लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल बंद. शुक्रवारी प्राणिसंग्रहालय आणि ताजमहाल बंद. सोमवार हुमायून-सुंदर नर्सरीला द्यायचा. २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या दोन दिवशी इंडिया गेट आणि प्राणिसंग्रहालयाकडे फिरकू नका, अर्धी दिल्ली तिथेच असते.

अक्षरधाम मी तुमच्या यादीतून मुलांसाठी काढते. पिशव्या, मोबाईल बाहेर ठेवायचे, तपासणीची लांब रांग, आत अनवाणी थंड दगडावर, आणि पाण्याचा खेळ अंधार पडल्यावर. सासू-सासऱ्यांची इच्छा असेल तर एक दिवस कुटुंबाचे दोन भाग करा. ते दोघे आणि तुमचे यजमान तिकडे, तुम्ही मुलांसह जवळच्या बागेत. बिर्ला मंदिराला मात्र सगळ्यांनी दुपारी जाऊन या, तिथे गर्दी कमी आणि वेळही थोडा लागतो.

आग्रा एका दिवसात करायचं तर पहाटे निघावं लागतं. डिसेंबरअखेरीस पहाटे यमुना एक्स्प्रेसवेवर मी मुलांची गाडी काढत नाही. धुक्यामुळे हिवाळ्यात तिथली वेगमर्यादासुद्धा कमी केली जाते. आणि एवढं करून ताजमहाल दहापर्यंत दिसेलच असं नाही. फेब्रुवारीत जात असाल तर एक युक्ती सांगते. परतीची गोवा एक्स्प्रेस निजामुद्दीनहून दुपारी सुटते आणि संध्याकाळी आग्रा कॅन्टला थांबते. शेवटच्या दिवसाआधी गतिमान एक्स्प्रेसने सकाळी आग्र्याला जा (शुक्रवारी ती नसते), एक रात्र तिथेच राहा आणि गोव्याची गाडी दिल्लीऐवजी आग्र्याहून पकडा. परत दिल्लीला यावं लागत नाही. मथुरा त्यातच आग्र्याहून टॅक्सीने होते आणि सासूबाईंचं दर्शनही. नाताळात गेलात तर मात्र आग्रा आणि मथुरा दोन्ही पुढच्या खेपेला ठेवा, मी सासूबाईंनाही हेच सांगितलं असतं.

खाण्याचं फार अवघड नाही. आपल्या मुलांना दोन दिवस रोटी चालते, तिसऱ्या दिवशी भात लागतो. आंध्र भवनच्या कॅन्टीनमध्ये भाताचं पोटभर जेवण मिळतं, कॅनॉट प्लेसमध्ये दाक्षिणात्य हॉटेलं आहेत. हॉटेलच्या स्वयंपाकघराला आदल्या दिवशी सांगितलं तर मूगडाळीची पातळ खिचडी करून देतात. उकड्या तांदळाची पेजच हवी असेल तर छोटा विजेचा कुकर न्या, पण खोलीत चालवू देतात का ते आधी विचारा. थंडीत मुलं पाणी मागत नाहीत आणि ओठ फुटेपर्यंत आपल्या लक्षात येत नाही. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा, तासातासाने दोन घोट पाजा.

आंघोळीवरून घरात वाद होतो, म्हणून आधीच बोलून ठेवा. आपल्याकडे आंघोळीशिवाय घराबाहेर पडायचं नाही, ही आजींची शिस्त. दिल्लीत मुलांची आंघोळ दुपारी चारला खोलीवर परतल्यावर, हीटर लावून खोली तापवून मगच. सकाळी ओल्या फडक्याने तोंड-हातपाय पुसले की पुरे. अंगाला लावायचं खोबरेल तिथे बाटलीतच गोठतं, कारण ते २४ अंशांच्या आसपासच घट्ट होतं. रुंद तोंडाच्या डबीत भरा, नाहीतर गालांना-ओठांना व्हॅसलीन लावा.

कपडे. प्रत्येक मुलाला दोन थर्मल जोड, त्याच्या आत सुती गंजी, एक पूर्ण बाह्यांचा स्वेटर, वरून वारा न शिरणारं एक जाकीट, कान झाकणारी टोपी आणि भरपूर पायमोजे. बूट शाळेचेच चालतील, मात्र मोज्यांसकट आत पाय मोकळा राहायला हवा. एकच जाड जाकीट घेऊ नका. मेट्रोत किंवा मॉलमध्ये मूल घामाघूम होतं आणि त्याच ओल्या अंगाने बाहेर गारठ्यात येतं, आजारपण बहुधा इथूनच सुरू होतं. आत शिरताच एक थर काढायचा, बाहेर पडण्याआधी चढवायचा, आणि पाठीवर हात घालून गंजी ओली नाही ना बघायचं. प्रवासापुरता एक जोड इथून न्या, बाकीचं लाजपतनगरच्या बाजारात स्वस्त आणि चांगलं मिळतं. सोमवारी तो बंद असतो. मेट्रोने फिरणार असाल तर तीन फुटांखालच्या मुलाला तिकीट नाही, पण सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ ढकलगाडी घेऊन आत शिरू नका.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि खालचे बर्थ पहिल्या तासातच संपतात. तुम्हाला तीन खालचे बर्थ लागतील: सासू, सासरे आणि मुलीला घेऊन तुम्ही. तारीख ठरली की तिकीट उघडण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांची नावं आणि वयं ओळखपत्रांप्रमाणे लिहून ठेवा. डॉक्टरांकडे मात्र त्याच्याही आधी जा.